वीरभद्रअप्पांचा कब्जा

लातूरच्या गंज बाजारामागच्या गल्लीत वीरभद्रअप्पांचं नाव काढलं की जुनी माणसं आधी हसतात आणि मग विचारतात, "कोण, ते घड्याळवाले?"

त्र्याण्णव साली, गणपती बुडवून गाव झोपलेलं असताना, पहाटे जमीन हलली. तिकडं किल्लारीच्या बाजूला गावंच्या गावं गेली. लातुरात भिंती तडकल्या, माळवदाची माती अंगावर आली आणि लोक नेसत्या कपड्यानिशी गल्लीत पळाले. त्या गल्लीत सगळ्यात आधी पोचलेला माणूस वीरभद्रअप्पा. बायको महानंदा आणि दोन लेकरं आत होती. अप्पांच्या कवेत मात्र भिंतीवरचं घड्याळ होतं. "गल्लीत कुणाला काही झालं का, ते बघायला मी निघालो," असं ते पुढं वर्षानुवर्षं सांगत आले. निघताना घड्याळ का काढलं, याचं उत्तर त्यांना कधी नीट जमलं नाही. महानंदाबाईंनीही ते पुन्हा विचारलं नाही. त्यांनी फक्त त्या दिवसापासून दाराजवळची झोपायची जागा स्वतःकडं घेतली.

घर वडिलांनी, म्हणजे डाळीचे आडते बसवराज यांनी, स्वतःच्या हयातीत बांधलेलं. दगडमातीच्या भिंती, वर माळवद. वडील वारले तेव्हा घरात तीन भावंडं होती. थोरले वीरभद्र, पाटबंधारे कचेरीत कारकून. मधली शिवकन्या. तिला बिलोलीला दिली होती, पण नवऱ्यानं दुसरी केली तशी ती शिलाई मशीन रिक्षात घालून परत आली. धाकटा मन्मथ, ज्याला कुणीही काहीही सांगितलं तरी पटायचं.

भूकंपानंतर दोन महिने अप्पांनी मैदानात पत्र्याच्या शेडमध्ये काढले आणि नांदेडला बदली मागून घेतली. "नांदेडची जमीन पक्की हाय, गोदावरीचा काठ हाय," ते म्हणाले. नदीच्या काठामुळं जमीन पक्की कशी होते, हे कचेरीत कुणी विचारलं नाही. सामान टेम्पोत चढवताना त्यांनी बहिणीला बोलावलं.

"शिवे, हे घर न्हाई, थडगं हाय. तुला ऱ्हायचं तर ऱ्हा. आमाला यातलं ढेकूळबी नको."

"मलाबी नको," मन्मथ म्हणाला आणि रेणापूरला सासऱ्याच्या खताच्या दुकानात जाऊन बसला.

शिवकन्या राहिली. दिवसभर मशीन चालवायची, हातात चार पैसे आले की एक भिंत उतरवायची. गवंड्याच्या उरावर उभं राहून तिनं दगडमाती काढली, विटा घातल्या, कोपऱ्याकोपऱ्यात सळया घातल्या. माळवद गेलं, स्लॅब आला. मागं बोअर पाडला. स्लॅबवर पत्र्याच्या चार खोल्या काढल्या. हे सगळं व्हायला नऊ वर्षं लागली.

अप्पा दर भाऊबीजेला यायचे, पण आत पाऊल टाकायचे नाहीत. अंगणातल्या कडुनिंबाखाली खुर्ची मागवायचे. "हितं ऊन चांगलं लागतं," म्हणायचे आणि नजर स्लॅबवर ठेवून चहा प्यायचे. ओवाळणीसुद्धा निंबाखालीच व्हायची. एका वर्षी पाऊस आला, तर डोक्यावर ताट धरून बसले.

दरम्यान लातूर बदलत होतं. दहावी-बारावीच्या निकालात लातूरची पोरं वर यायला लागली तशी अख्ख्या मराठवाड्यातली लेकरं इकडं लोटली. गल्लीतल्या पिठाच्या गिरणीची अभ्यासिका झाली. म्हशीच्या गोठ्याला फरशी लागली आणि त्याला रीडिंग रूम म्हणू लागले. म्हशी कुठं गेल्या कुणास ठाऊक. शिवकन्येकडं पहिल्यांदा उदगीरच्या एका मुनिमाची मुलगी राहायला आली. तिचा मेडिकलला नंबर लागला, आणि पुढच्या जूनमध्ये दारात सात बाप उभे. बघता बघता घरात दोन डझन मुली झाल्या. त्या तिला अक्का म्हणत. अक्काच्या घरी पहाटे पाचला दिवा लागतो, भाकरी गरम मिळते आणि मोबाईल पेटीत राहतो, अशी ख्याती पार देगलूरपर्यंत गेली.

अप्पा निवृत्त झाले त्या वर्षीच्या भाऊबीजेला गल्लीच्या तोंडाशी त्यांना एक दलाल भेटला. त्यानं या गल्लीतल्या जागेचा भाव सांगितला. अप्पांनी तो दोनदा विचारला. मग ते तडक घरी आले, निंबाखालची खुर्ची ओलांडली आणि एकवीस वर्षांनी प्रथमच छताखाली गेले. भिंतीवर हात ठेवला. डोळे भरून आले.

"बापूचा हात फिरलाय या भिंतीवरून," ते म्हणाले.

"ती मी पंच्याण्णव साली बांधली, अण्णा," शिवकन्या म्हणाली. "बापूची पडली होती."

अप्पांनी ते ऐकलं नाही. ओवाळून झाल्यावर त्यांनी पिशवीतून इरकल साडी काढली आणि साडीच्या घडीतून एक कागद.

"हे काय?"

"साडी."

"साडी दिसायलीय. तिच्या पोटात काय हाय?"

"हक्कसोड. रीतच हाय आपल्यात, बहिणी भावाला सोडून देतात. सही केली की तू ऱ्हा की निवांत, तुला कोण काढतंय?"

शिवकन्येनं कागद चष्मा लावून अथपासून इतिपर्यंत वाचला. मग साडी ठेवून घेतली आणि कागद परत दिला. "रंग चांगला हाय," ती म्हणाली. साडीबद्दल.

अप्पा नांदेडला वकिलाकडं गेले. वकील म्हणाला, वडिलांनी स्वतः बांधलेलं घर आहे, तिघांचा सारखा हिस्सा. बहिणीला काढता येणार नाही. शिवाय ती वीस-बावीस वर्षं एकटीच राहतीय. "तुमचा तिथं कब्जा कुठाय? आधी जाऊन राहा." अप्पांना तेवढं वाक्य पुरलं. संक्रांत झाल्यावर गादी, लोखंडी पलंग, देव्हारा आणि महानंदाबाई असा कब्जा घेऊन ते लातूरला आले आणि दर्शनी खोलीत बसले. शिवकन्येनं तिथल्या तीन मुली वर हलवल्या. मग भिंतीवरचं वेळापत्रक दाखवलं.

"अण्णा, मोरीचा तुझा नंबर पावणेसात ते सात. पोरींचे क्लास असतेत."

ज्या माणसानं पस्तीस वर्षं कचेरीत लोकांना उद्या या म्हणून सांगितलं, तो आता टॉवेल खांद्यावर टाकून रांगेत उभा राहू लागला. पुढं भौतिकशास्त्राची वही वाचणारी मुलगी, मागं दात घासणारी मुलगी. बातम्या मोठ्यानं लावल्या की वरून कुणीतरी अदबीनं ओरडायचं, "अप्पा, टेस्ट हाय!"

आठ दिवसांत मन्मथ आला. खताच्या दुकानावर मेहुण्याला बसवून, खाट आणि सतरंजी घेऊन. "अण्णा ऱ्हायला आला म्हणल्यावर मला यावंच लागलं की. न्हाईतर माझा कब्जा जाईल," तो म्हणाला. त्यानं मधली खोली धरली. आता दोघं भाऊ एकमेकांवर पहारा ठेवू लागले. एक भाजी आणायला गेला की दुसरा अंगणात येऊन उभा राही. उमरीला चुलतभावाच्या मुलीचं लग्न निघालं. चुलतभाऊ स्वतः पत्रिका घेऊन आला. अप्पा म्हणाले, गुडघे दुखतात. मन्मथ म्हणाला, अण्णाचे गुडघे दुखतात, त्याला सोडून कसा येऊ? लग्नाला एकटी शिवकन्या गेली. घराची किल्ली तिनं बारावीच्या एका मुलीकडं दिली. ती भावांकडंच द्यायला हवी होती, यावर दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं आणि दोघंही दोन दिवस संतापून बसले.

उन्हाळ्यात महानंदाबाईंनी पिशवी भरली. "मी नांदेडला चालले. तुमचा कब्जा तुमीच सांभाळा."

"अगं, पर आपलं हक्काचं घर..."

"हक्काच्या घरात मला साडेसहाला अंघोळ मिळत न्हाई. भाड्याच्या घरात मिळती," असं म्हणून त्या बसमध्ये बसल्या.

दिवाळी जवळ आली तसं शिवकन्येनंच विषय काढला. "असं किती दिवस बसतावं, अण्णा? करून टाक वाटणी. कागदाचं काम तुलाच येतं, तूच कर."

अप्पांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्यांनी फूटपट्टी, तीन रंगांचे पेन आणि कोरे कागद आणले. आठवडाभर ते घर मोजत फिरले. रस्त्याकडच्या दोन मोठ्या खोल्या, जिथं उद्या दुकानं निघतील, त्या स्वतःला. मधला भाग मन्मथला. मागचा अंधारा भाग, स्वयंपाकघर, मोरी-संडास, बोअर, जिना आणि उन्हाळ्यात भट्टीसारख्या तापणाऱ्या वरच्या चार खोल्या, हे सगळं बहिणीला. नकाशावर तिचा भाग मोठा दिसत होता. आपण किती उदार आहोत, या विचारानं अप्पा स्वतःच गहिवरले.

शिवकन्येनं पुन्हा चष्मा लावला. "मोरी, संडास, बोअर, जिना आन् वरचं समदं, माझं एकटीचं?"

"एकटीचं."

"तसंच लिहिलंय न्हवं?"

"लिहिलंय की. काळ्यावर पांढरं," अप्पा म्हणाले. गडबडीत म्हण उलटी पडली, पण रजिस्ट्री सुलटी झाली. परत येताना ते मन्मथच्या कानात पुटपुटले, "बाई माणूस, मोरीवर खूश झाली."

ते वर्ष साधं नव्हतं. सलग दोन पावसाळे कोरडे गेले होते. उन्हाळ्यात लातुरात नळ महिना-महिना आला नाही आणि एप्रिलमध्ये गावाला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. शिवकन्येचा बोअर सकाळी तासभर कसाबसा चालायचा. तिनं सगळ्या पाण्याच्या पाळ्या लावल्या. माणशी दोन घागरी, मग मुलगी असो की भाऊ.

अप्पांनी दर्शनी खोल्या भाड्यानं द्यायचं ठरवलं. हातानं लिहिलेली पाटी लावली. जूनच्या प्रवेशाआधी मुलांचे बाप येऊ लागले. खोली बघून खूश व्हायचे आणि मग विचारायचे, "पाणी?"

"बहिणीकडं हाय."

"आन् संडास?"

"तेबी तिच्याकडंच."

"मग आमी बहिणीशीच बोलतो की," म्हणून ते मागच्या दारानं आत जायचे. विकायला काढल्या तर गिऱ्हाईकंही हेच विचारून गेली. मन्मथच्या मधल्या भागाला तर खिडकीसुद्धा नव्हती. तो मे महिन्यातच खाट घेऊन रेणापूरला गेला. जाताना म्हणाला, "अक्काला जे पटंल ते मला पटंल."

अप्पा एकटे उरले. एका दुपारी ते दोन घागरी घेऊन मागं गेले, तर मुली क्लासला गेलेल्या आणि शिवकन्या एकटीच शेंगा फोडत बसलेली. अप्पा पायरीवर टेकले. मग त्यांनी कधी नव्हे ते विचारलं, "शिवे, तवा, भूकंपानंतर, तू हितं एकली झोपायचीस. भीत न्हवतीस?"

"भीत होते की. दोन वर्षं उशाला कंदील ठेवून बसून काढली."

"मग गेली का न्हाईस?"

शिवकन्येनं शेंगेतले दाणे परातीत टाकले. "कुठं जायाचं, अण्णा? तू टेम्पोत पलंग घातलास, देव्हारा घातलास. मला बस म्हणलास का?"

अप्पांनी घागरी उचलल्या. त्या भरलेल्या नाहीत, हे त्यांच्या खोलीत गेल्यावर लक्षात आलं. परत मागायला जायची हिंमत काही झाली नाही. त्या दिवशी त्यांनी अंघोळ केली नाही.

दुसऱ्या दिवशी बहीणच आली. दोन्ही खोल्या तीच भाड्यानं घ्यायला तयार होती. मुली वाढल्या होत्या. रास्त भाडं, दर महिन्याला नांदेडला पोचतं करीन, म्हणाली. एकच अट होती.

"मुलींचं वसतिगृह हाय. पुरुष माणूस मुक्कामाला चालत न्हाई. लोकांच्या लेकी हायत्या."

"मी पुरुष माणूस?" अप्पा चिडले. "मी मालक हाय!"

"मालक आस की. पर मुक्काम नांदेडला कर."

अप्पा तीन दिवस विचार करत राहिले, चौथ्या दिवशी त्यांनी सही केली. लोखंडी पलंग तिथंच राहिला, त्यावर निलंग्याची एक मुलगी झोपते. नांदेडला महानंदाबाईंनी दार उघडलं, पिशव्या आत घेतल्या आणि "साडेसहाला पाणी येतं" एवढंच सांगितलं.

तरी जीव राहवत नाही. महिन्यातून एकदा, रविवारी, अप्पा सकाळची बस धरून लातूरला येतात. भेटीची वेळ चार ते सहा. दारातल्या मुलीजवळ नाव, गाव, वेळ लिहून द्यावं लागतं आणि अंगणात मांडलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर पालकांबरोबर थांबावं लागतं. मागच्या खेपेला शेजारी अहमदपूरकडचा एक शेतकरी बसला होता, मांडीवर चिवड्याचा डबा. त्यानं आपुलकीनं विचारलं, "तुमची कोणत्या वर्गाला हाय?"

"माझी बहीण हाय हितं," अप्पा म्हणाले.

शेतकऱ्यानं त्यांच्या पांढऱ्या केसांकडं पाहिलं, डबा दुसऱ्या मांडीवर घेतला आणि खुर्ची जरा पलीकडं सरकवली.