चारुशीलाची अकोल्याची फाइल

अमरावतीच्या राजापेठेत एका ट्यूशन क्लासच्या डोक्यावर, दुसऱ्या मजल्यावर, चारुशीला रोज दहा ते सात अमेरिकेतल्या बायकांच्या पोटातल्या गाठी धुंडाळत बसे. कामाचं नाव मोठं, मेडिकल कोडिंग. करायचं एवढंच की तिकडच्या दवाखान्याची फाइल वाचायची, डॉक्टरने काय लिहिलंय ते बघायचं आणि प्रत्येक आजाराला त्याचा ठरलेला आकडा द्यायचा. गर्भाशयाच्या साध्या, कॅन्सर नसलेल्या गाठींचा आकडा डी पंचवीस. त्यापुढे टिंब देऊन गाठ कुठे आहे ते सांगायचं: आतल्या अस्तराला, भिंतीत की बाहेरच्या अंगाला. डॉक्टरने जागाच लिहिली नसेल, तर शेवटी नऊ टाकायचा.

या नवाचा चारुशीलाला भारी राग. नव्याने लागलेल्या जुईलीने एकदा ओळीने सहा फाइलींना नऊ ठोकले, तेव्हा तिने तिला सगळ्यांसमोर झापलं. "बाईच्या पोटातली गाठ आहे ती, बाजारातली वांगी नाहीत. कुठे आहे ते विचार ना डॉक्टरला. लेखी प्रश्न पाठव." आणि गंमत म्हणजे सातासमुद्रापलीकडचे ते डॉक्टर अमरावतीच्या या बाईंच्या प्रश्नांना मुकाट उत्तरं देत. ऑफिसातल्या पोरी तिला टरकून असत.

आता ही एवढी कडक बाई स्वतःच्या बाबतीत काय करते बघा.

लग्न झालं तेव्हा ती चौतीस वर्षांची होती. नवरा पुष्कर, अमरावतीच्या कोर्टात वकील. लग्नाच्या वर्षभरातच तिचं ओटीपोट दुखायला लागलं, कंबर भरून यायला लागली. तीन वर्षं गोळ्यांवर काढली. मूल हवं होतं, फार हवं होतं, आणि वय तर थांबत नव्हतं. शेवटी ऑपरेशन ठरलं, तेव्हा सासरे बापूसाहेब म्हणाले, "घरचा डॉक्टर असताना परक्याकडे कायले जाता?" घरचा म्हणजे किशोर, पुष्करचा आतेभाऊ. अकोल्यात त्याचा स्वतःचा दवाखाना.

किशोरने सोनोग्राफीवर एक ओळ लिहिली, 'गर्भाशयात गाठी.' किती, केवढ्या, कुठे, काही नाही. चारुशीलाने ती ओळ वाचली. अमेरिकेतली फाइल असती तर तिने ती उभ्या उभ्या परत पाठवली असती. पण दीराला लेखी प्रश्न कसा विचारायचा? तेही घरात सगळे 'किशोर म्हणजे देवमाणूस' म्हणत असताना? तिने तोंडी एवढंच सांगितलं, "भाऊजी, गाठ काढा, पण पिशवीले हात लावू नका. मले मूल पाहिजे."

"अवं वहिनी, तू कायले घाबरून राहिली? मी आहो ना," किशोर हसून म्हणाला.

ऑपरेशनच्या सकाळी माणिकबाई नावाची नर्स संमतीचा कागद घेऊन आली. छापील मजकूर, मधल्या सगळ्या ओळी कोऱ्या. "हे तर कोरंच आहे," चारुशीला म्हणाली. "सर मागून भरतात मॅडम, सगळ्यायचं तसंच असते," माणिकबाई म्हणाली. आयुष्यभर दुसऱ्यांची कागदपत्रं वाचणारी बायको आणि कागदपत्रांवरच पोट भरणारा नवरा, दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. पुष्करने खिशातलं पेन काढून दिलं. तिने सही केली. कोऱ्या कागदावर सही करू नये हे या घरात शेंबड्या पोरालाही माहीत होतं, पण कागद घरच्या माणसाचा होता.

शुद्धीवर आली तेव्हा पिशवी गेली होती. "नुसत्या गाठीच गाठी होत्या, इलाजच नव्हता," किशोरने सांगितलं. पुष्कर उशाशी बसून तिचा हात धरून होता. ती महिनाभर रडली, आणि नशिबाला बोल लावून गप्प झाली.

ऑफिसच्या विम्यासाठी पूर्ण फाइलची प्रत लागणार होती. ती आणायला ती एकटीच एसटीने अकोल्याला गेली. किशोर त्या दिवशी गावाला गेला होता, म्हणून काउंटरवरच्या मुलीने मागेपुढे न बघता सगळ्या कागदांच्या झेरॉक्स काढून दिल्या. परतीच्या वाटेवर मूर्तिजापूर यायच्या आत चारुशीलाने फाइल वाचून संपवली. तिला वाचायला वेळ लागत नसे.

काढलेल्या पिशवीचा तपासणीचा रिपोर्ट होता. गाठ एक. पाच सेंटिमीटर. बाहेरच्या अंगाला. आतलं अस्तर निरोगी. भूल देणाऱ्या डॉक्टरच्या तक्त्यात रक्तस्राव किरकोळ. आणि संमतीच्या कागदावर, तिच्या सहीच्या वर, किशोरच्या अक्षरात, 'रुग्णाच्या इच्छेनुसार गर्भाशय काढून टाकण्यात येत आहे.' तिने समोरच्या सीटची दांडी घट्ट धरली. बाजूची बाई म्हणाली, "मळमळते का वं बाई? खिडकीशी बस." ती बसली.

संध्याकाळी पुष्कर कोर्टातून आला, तेव्हा फाइल टेबलावर उघडी होती. त्याने उभ्यानेच दोन पानं पाहिली. अंगावरचा काळा कोट काढून त्याने खुर्चीला अडकवला.

"गाठ एकच होती," चारुशीला म्हणाली. "बाहेरून. काढून टाकता आली असती. भाऊजी खोटं कायले बोलले?"

"किशोर बाहेर आला होता ऑपरेशनच्या मधात," पुष्कर म्हणाला. "म्हणे, गाठ काढतो, पण पुन्हा होऊ शकते. मी म्हटलं, तीन वर्षं झाले हे दुखणं पाहून राहिलो, एकदाचं मिटवून टाक."

तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. पण तो नेहमीसारखाच बोलत होता, कोर्टातली तारीख सांगावी तसा.

"अन् इच्छा माझी लिहिली?"

"सही तुझी होती ना. कोणाची लिहितील?"

"गाठ काढून शिवून टाकायचं होतं. मी शुद्धीवर आली असती. मग मले विचारायचं होतं."

पुष्करने पाण्याचा ग्लास तोंडाला लावला, सगळा संपवला, खाली ठेवला.

"तू नाही म्हटलं असतं," तो म्हणाला. "म्हणून तर विचारलं नाही."