आईच्या गाण्यांसाठी केलेली जागा

वडील गेल्यावर त्यांची एक्स्टर्नल ड्राइव्ह टीव्हीमागेच पडून होती. गावोगावच्या कुस्त्या, बैलांचे बाजार, जुने सिनेमे असं काहीबाही ते तिच्यात भरून आणायचे. आई रविवारी विहारात बायकांसोबत भीमगीतं म्हणते आणि मोबाइलवर रेकॉर्ड करते. मोबाइल भरला, तशी तिला ड्राइव्ह आठवली.

मी सुट्टीला अंबाजोगाईला गेले, तेव्हा तिने ती माझ्या हातात दिली. “हे पूस अन् माजी गाणी भर.”

माझ्या जुन्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स ही प्रणाली आहे. ड्राइव्ह जोडली, वडिलांचे फोल्डर दिसले आणि माझा हातच चालेना.

“आई, राहू दे की थोडं.”

“कावून? त्यांचं समदं बघून झालतं.”

तरी तिने एक कुस्ती लावायला सांगितली. आम्ही दोघींनी ती शेवटपर्यंत पाहिली. “हा पैलवान त्यांचा लई आवडता. दर वेळेस पडायचा, तरी ह्यांना वाटायचं आज जिंकंल.” ती हसली, डोळ्यांना पदर लावला. तेवढी कुस्ती मी लॅपटॉपवर घेतली. मग ती म्हणाली, “आता पूस.”

पुसण्याआधी मी ड्राइव्ह काढून पुन्हा जोडली. लॅपटॉपवर दिसणाऱ्या डिस्कच्या यादीतली कोणती नाहीशी होते आणि परत येते, ते पाहिलं. चुकून लॅपटॉपचीच डिस्क पुसली असती तर माझं सगळं काम गेलं असतं. ड्राइव्ह अनमाउंट केली, म्हणजे वापरातून सोडवली, तिच्यातलं जुनं पार्टिशन, म्हणजे जागेचा विभाग, काढलं आणि दोन नवी केली. पहिलं टीव्हीला वाचता येईल अशा पद्धतीने फॉरमॅट केलं, दुसरं फक्त लिनक्ससाठी, माझ्या बॅकअपला.

“दोन कावून?”

“एक तुझं, एक माझं.”

“वाटण्या करायलीस व्हय? मंग मोठा हिस्सा माजा.”

दिला. तिची गाणी त्यात आरामात बसली. माझ्या हिश्श्यात मात्र फाइल टाकायला गेले, तर परवानगी नाही असा संदेश आला. आईने विचारलं, काय म्हणतंय ते. मी सांगितलं.

“तूच केलं अन् तुलाच परवानगी न्हाई?” ती इतकी हसली की तिला ठसका लागला. वडील गेल्यापासून तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. नव्या पार्टिशनची मालकी रूटकडे, म्हणजे लिनक्सच्या मुख्य खात्याकडे असते, हे मी विसरले होते. एका कमांडने ती माझ्या नावावर करून घेतली.

रविवारी तिच्या मैत्रिणी आमच्याकडे आल्या. टीव्हीवर स्वतःचे आवाज ऐकून आधी लाजल्या, मग एकमेकींच्या चुका काढू लागल्या.

“ह्या कडव्यात तू लई पुढं पळालीस,” एक आईला म्हणाली.

“मंग परत म्हणू,” आई म्हणाली, आणि मोबाइल माझ्याकडे देऊन तिने टाळीवर ठेका धरला.