साठ खणांची पैज

हां, तर ती शिंक माझीच होती. काल तिथंच थांबलो होतो ना आपण? पेटुनियाचं बी म्हणजे बी कसलं, काळी पूडच. पाकीटभर बी पांढऱ्या कागदावर ओतलेलं, मी समोर स्टुलावर बसलेला, आणि ऐन वेळी नाकानं दगा दिला. कागद स्वच्छ! आमचा एकमिनिट डोळ्यावरचं भिंग न काढता म्हणाला, "वा! आता फरशीला फुलं येतील."

एकमिनिट हा माझा शाळासोबती. धंदा घड्याळदुरुस्तीचा. गिऱ्हाइकाला "एक मिनिट" म्हणून बसवायचा आणि तासाभरानं उठवायचा, म्हणून हे नाव. चाळीस वर्षं तेच टेबल, तीच खिडकी. मोहरीपुढं बारीक वाटावेत असले स्क्रू तो चिमट्यानं उचलून जागच्या जागी बसवायचा.

त्या वर्षी एका बाईंचं मनगटी घड्याळ दुरुस्त होऊन गेलं आणि चौथ्या दिवशी परत आलं. आतली केसाएवढी स्प्रिंग वाकलेली. वहिनी, म्हणजे त्याची बायको, स्पष्टच बोलली, "हात कापतो तुमचा. दुकान बंद करा आता."

"हात नाही, टेबल हलतंय," असं म्हणून यानं टेबलाच्या पायाखाली पुठ्ठा सारला.

खिडकीतली पेटुनिया दरवर्षी वहिनीच लावायची. बी बारीक वाळूत मिसळून ट्रेवर भुरभुरायचं, की झालं. त्या वर्षी हा मध्ये पडला. "मीठ टाकतेस की पेरतेस? एका खणात एक बी. मी दाखवतो."

"दाखवाच. ट्रेला साठ खण आहेत. रिकामे राहिले तर माफ, बी पोचट असतं कधी. पण दहापेक्षा जास्त खणांत गर्दी दिसली तर दुकानाची किल्ली माझ्याकडे."

"मंजूर!"

तेवढ्यात मी शिंकलो, आणि पेरणी दुसऱ्या दिवसावर गेली. नवं पाकीट मीच आणून दिलं, नाक रुमालात धरून. त्यानं सकाळपासून दुपारपर्यंत चिमट्यानं एकेक बी ठेवलं. वरून माती घालायची नाही, या बियाला उजेड लागतो. पाणीसुद्धा खालच्या परातीत, वरून घातलं की सगळं वाहून जातं. वर काच ठेवली आणि वाट बघत बसलो. पेरलेलं बी त्या काळ्या मातीत कोणालाच दिसत नव्हतं, त्यामुळे पहिले आठ दिवस गडी खुशीत होता.

बाराव्या दिवशी मोजणी झाली. भिंग त्याच्याच डोळ्यावर. एका खणात एक, ठीक. पुढच्यात तीन. मग दोन, मग चार एकमेकांच्या अंगावर, मग एक अगदी कडेला, पडता पडता वाचल्यासारखं. गर्दीचे खण भरले सव्वीस.

वहिनी "बघा, मी म्हटलं नव्हतं?" असं म्हणाली नाही. ती काच पुसत राहिली. पुसून झाली तरी पुसत राहिली. मला काही राहवेना. म्हटलं, "अरे, ही माझ्या शिंकेची करामत! बी सरकलं असणार. ही पैज धरायची नाही."

"भावजी म्हणतात ते खरं असेल," जिंकलेली वहिनी खाली बघत म्हणाली.

एकमिनिटानं भिंग काढलं, डबीत ठेवलं, डबीचं झाकण दोनदा दाबलं. मग मला म्हणाला, "तू शिंकलास पेरायच्या आदल्या दिवशी, लेका. ट्रे तेव्हा कोरा होता. माझ्या हाताचं खापर तुझ्या नाकावर कशाला फोडतोस? किल्ली खुंटीला आहे, हिला घेऊ दे. तू कुंड्या आण, पोरं गुदमरताहेत त्या खणांत. पुढं रोपं पसरावीत म्हणून शेंडेच खुडायचे आहेत ना? त्याला हात हलला तरी चालतो."