मास्तरांचा कडेलोट

"कडेलोट!" असं ओरडत मास्तर माझ्या नातीच्या घसरगाडीवरून बर्फाच्या टेकडीखाली गेले, झुडपात शिरले आणि आडवे झाले. हलेनात. नातीनं जर्मनमध्ये विचारलं, "टोट?" मेले का, म्हणून. मी म्हटलं, "गप. बघून येते."

असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. निवृत्त झाला तरी वर्ग सुटत नाही. मास्तर साताऱ्याचे, इतिहासाचे. म्युनिकला आमच्या खालच्या मजल्यावर लेकीकडे राहायचे. वर्ग मिळेना म्हणून चौथी शिकलेल्या मला शिकवायचे.

एकदा त्यांनी रोम शिकवलं. तिथं फितुरांना टार्पियन कड्यावरून लोटत, रायगडाच्या टकमक टोकासारखं. टार्पिया नावाच्या पोरीनं सोन्यासाठी शत्रूला दार उघडलं. शत्रूनंच तिला ढालींखाली चिरडलं. कड्याला तिचं नाव.

"दारावरचे शिपाई काय करत होते?" मी विचारलं.

"ताई, मुद्दा तो नाही."



त्यांच्या राज्यात शिक्षा एकच. एस-बान, म्हणजे इथली लोकल, उशिरा आली, कडेलोट. लिफ्ट बंद, कडेलोट. माझा चहा कोमट, त्यालाही.

मास्तरांना साखर होती. फिरायला म्हणून निघायचे आणि कोपऱ्यावरच्या बेकरीत उभ्याउभ्या क्राफेन खायचे, जाम भरलेला तळलेला गोड पाव. एकदा मी पाहिलं. मिशीवर पिठीसाखर.

"ताई, लेकीला सांगू नका."

मी संध्याकाळीच सांगितलं. साखरेनं काळे पडलेले पाय मी पाहिले आहेत.

लेक फिरायला बरोबर जाऊ लागली. क्राफेन बंद. मग रविवारी टेकडीवर माझा खटला चालला.

"फितुरी कबूल?"

"कबूल. पुन्हा करीन."

"बसा गाडीवर!"

"नाही बसत. रोममध्ये फितूर आपण होऊन उडी मारायचे काय?"

"भित्र्या आहात. बघा, काही होत नाही," म्हणाले आणि स्वतःच बसले.

तर मी बघायला निघाले. दोन पावलं टाकली, पाय सटकला, आणि बसल्या बसल्या थेट त्यांच्या पायाशी पोचले.

मास्तरांनी एक डोळा उघडला. "शिक्षा अमलात आली."

"हाड मोडलं?"

"नाही. तुमचं?"

"नाही. उठा."

"आधी क्राफेन."

"कडेलोट!" मी म्हटलं.

पुढच्या वर्षी ते साताऱ्याला परतले, एकटे. तिथं चुगली करायला कोणी नव्हतं. आधी पाय गेला, मग मास्तर.

टेकडीवरून घसरूनही आम्ही दोघंही वाचलो होतो. आता मी आहे.