बापू मिस्त्रींचा बिनजोड ओंडका

मोठं लाकूड हुडकणाऱ्या माणसाबरोबर दोन वर्षं काढा, किस्से जमवावे लागत नाहीत, अंगावर येऊन पडतात! माझी तर नव्वद सालापुढची उमेदीची सगळी वर्षं बापू मिस्त्रींबरोबर गेली.

शिवाजी पेठेत आमचं पॅटर्नचं दुकान. फौंड्रीत लोखंड ओतण्याआधी लाकडाचा नमुना लागतो, तो बापू लेथवर कातायचे. बाकीचे मिस्त्री फळ्या चिकटवून ठोकळा करायचे. बापू म्हणायचे, "जोड दिलेलं लाकूड म्या लेथला लावणार न्हाय!" झालं! मग अखंड ओंडक्यासाठी जिल्हाभर वणवण.

*

गडमुडशिंगीत वाळलेला आंबा पडलाय असं कळलं. पोचलो तर त्या घरात म्हातारा गेलेला, आणि सरणासाठी त्याच आंब्याला कुऱ्हाड लागणार होती. बापू थोरल्या मुलापुढं हात जोडून, "दादा, जाळायला शेणी-गोवऱ्या लागतील तेवढ्या म्या आणतो, पण बुंध्याला हात लावू नगा!"

माणसं खवळली. उचगाव येईपर्यंत आम्ही मागं बघितलं नाही.

*

वळवाच्या पावसात हायवेवर झाड आडवं. एसटी, ट्रक खोळंबलेले, लोक कापायला लागलेले. बापू बुंध्यावर आडवे झोपले! "हितनं कापायचं न्हाय!"

फौजदार आला, बघून चाट पडला. म्हणाला, "आंदोलन कुठल्या संघटनेचं हाय?"

*

एकदा बांधावरची चिंच मिळाली. लेथवर टूल टेकताच ठिणग्या! खोडात खिळेच खिळे. कुणीतरी करणी करून ठोकलेले, वर साल चढलेली. शेजारचा वेल्डर लिंबू आणायला पळाला. बापू कपाळाला हात लावून, "करणी कुणावर केलती कुणास ठावं, टूल माझं गेलं की!"

*

बापूंच्या लेकीची, सुनीताची, दोन स्थळं मोडली होती. तिसरा मुलगा कागल एमआयडीसीत कामाला. तो बघून गेला आणि सुनीताला आवडला, हे घरात सगळ्यांना कळलं होतं. आम्ही त्याचं घर बघायला निघालो, तेव्हा सुनीताच्या आईनं, वहिनींनी, बापूंना शपथ घातली, "तितं लाकडाचं नाव काडायचं न्हाय!"

दारातच फणसाचा ओंडका. दोन हात रुंद! वर मुलाचे आजोबा बसलेले. पोहे झाले, चहा झाला, बापूंची नजर हलेना. शेवटी आजोबांनी विचारलं, "मग पावणं, पोरगं कसं वाटलं?"

"वाळलंय झकास! जरा उठा की, भेग बघतो."

म्हातारा खरंच उठला! बापूंनी खिशातनं टेप काढला. मी डोळेच मिटले.

आठ दिवस निरोप नाही. सुनीता बापाशी बोलेना. "माझ्यापायी लेकीचं मोडलं," म्हणत बापू बंद लेथपुढं नुसते बसायचे. बघवत नव्हतं.

नवव्या दिवशी दुकानासमोर ट्रॅक्टर! ट्रॉलीत तोच ओंडका, ड्रायव्हरशेजारी तोच मुलगा. सुनीता नेमकी डबा घेऊन आलेली. मुलगा उतरून म्हणाला, "मामा, आजोबांनी पाठवलाय. आन् आमच्याकडनं पसंती..."

बापू त्याला ओलांडून ट्रॉलीवर! "थांबा पावणं, आदी भेग बघू द्या!"

मुलगा लालेलाल. सुनीतानं डबा खाली ठेवला आणि भर पेठेत, सगळ्यांच्या देखत म्हणाली,

"त्यांचं लाकडाचं चालू दे. तुमी मला पसंत हायसा!"