दाजींचे संशयित

माझ्या बहिणीचा नवरा चष्मे विकतो. लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावायची आणि तुम्हाला नीट दिसत नाही हे त्यांच्या गळी उतरवायचं, हा त्याचा धंदा. वीस वर्षं हेच केल्यामुळे जगात नीट दिसणारा माणूस आपण एकटेच, अशी त्याची पक्की समजूत झाली आहे. तोंडावर मी त्याला दाजी म्हणतो, अहो-जाहो करतो. लिहिताना मात्र एवढा मान मला झेपणार नाही.

दाजीला स्पोर्ट्स कारचं वेड आहे. वेड असायला माझी हरकत नाही. मी गॅरेज चालवतो, लोकांच्या गाड्यांच्या वेडावरच माझी चूल पेटते. पण गाडीचं वेड असलेला माणूस निदान बॉनेट उघडून बघतो. दाजीने ते आजवर एकदाही उघडलेलं नाही. त्याला गाडी नको असते, लिलाव जिंकायचा असतो. जुन्या गाड्यांचा लिलाव करणारी एक साइट आहे. फोनवर फोटो बघायचे, आकडा टाकायचा, कुणी आपल्यापेक्षा जास्त टाकला की आपण त्याच्या वर जायचं. वेळ संपताना सगळ्यात वरचा आकडा ज्याचा, गाडी त्याची. दुकानात गिऱ्हाईक फ्रेम लावून आरशात बघत उभं असतं आणि हा काउंटरखाली बोली लावत बसतो.

सुरुवातीला तो सारखा हरायचा. आपण आकडा कमी टाकला म्हणून हरलो, ही साधी गोष्ट त्याच्या डोक्यात शिरत नसे. त्याच्या मते समोरचे बोली लावणारे खरे नव्हतेच. गाडीच्या मालकाचेच भाऊबंद खोट्या नावाने भाव चढवतात, आणि तेही खास त्याला पाण्यात पाहतात म्हणून. मग त्याने एक वही केली. त्यात बोली लावणाऱ्याचं साइटवरचं नाव, आधी किती गाड्या घेतल्या, उत्तर किती वेळात दिलं, आणि शेवटच्या रकान्यात लाल पेनाने एकच शब्द: संशयित. मी ती वही एकदा चाळली. शेवटचा रकाना एकाही ओळीत रिकामा नव्हता.

दोन वर्षांपूर्वी त्याने एकदाची एक पिवळी गाडी जिंकली. दोन दारांची, जमिनीला टेकलेली. मी आधीच म्हटलं होतं की थांबा, मी जाऊन खालून बघून येतो. तर म्हणे, आपण उत्सुक आहोत असं कळलं की संशयित जागे होतील. गाडी आली ती ट्रकवर चढून. मी पायाखालचं कार्पेट उचललं तर खालच्या पत्र्याची चाळण झालेली. कधीतरी ती दारांपर्यंत पाण्यात उभी राहिली होती, आणि इंजिनाचाही निकाल लागला होता. ज्या एका माणसावर संशय घ्यायला हवा होता तो म्हणजे विकणारा. त्याचं नाव तेवढं वहीत नव्हतं.

ती गाडी दाजीने ताईच्या शेडमध्ये घातली. घराला लागून पत्र्याची शेड आहे, तिथे ताईची शिलाईची सहा मशीन होती. ती आणि कामाला येणाऱ्या तीन बायका तिथे युनिफॉर्म, पडदे, उशांचे अभ्रे असं शिवायच्या. गाडी आल्यावर तीन मशीन व्हरांड्यात गेली आणि तिथे रोज कुणाचा तरी पाय वायरीत अडकायला लागला. कापड बेतायचं टेबल मोडून माळ्यावर टाकलं. बायका गाडीच्याच टपावर चादर पसरून कापड बेतायला लागल्या, तर चरे पडतील म्हणून दाजीने तेही बंद केलं. दोन वर्षं ताईने दाताच्या कण्या केल्या. अशी गाडी कुणाच्याही हातात देता येत नाही, जाणकार गिऱ्हाईक यावं लागतं, असं तो तिला समजावून सांगायचा. जसा काही स्वतः जाणकार म्हणून घेऊन बसला होता.

यंदा ताईला एका हॉस्पिटलचं काम मिळायच्या बेतात होतं. वर्षभराचे ॲप्रन आणि चादरी. एवढं मोठं काम तिला कधीच मिळालं नव्हतं. हॉस्पिटलचा माणूस सोमवारी जागा बघायला येणार होता. सहाही मशीन एका छपराखाली आणि बेतायचं टेबल, हे नसेल तर काम दुसऱ्याला. ताईने नवऱ्याला हे सांगितल्यावर तो एकदम उदार झाला. रविवारी गाडी लिलावाला लावतो म्हणाला, विकली गेली तर शेड कायमची तुझी, नाही गेली तर हा विषय पुन्हा काढायचा नाही.

गुरुवारी ताई गॅरेजवर आली. ही गाडी कुणी घेईल का, तिने विचारलं. मी खरं ते सांगितलं, की भंगारवाला घेईल, वजनावर. दाजीने ठरवलेला किमान आकडा ऐकला तर तोही हात जोडेल. ताई टायरच्या ढिगावर टेकली. मग म्हणाली, मीच घेते. काजं करायचं मशीन घ्यायला तिने पैसे बाजूला टाकले होते. मी चिडलो. नवऱ्याचं भंगार बायकोने स्वतःच्या पैशाने विकत घ्यायचं?

"गाडी नाही रे घेत," ती म्हणाली. "शेड घेतेय."

मी हात पुसून फोन काढला. तिच्या नावाने नाही, भलत्याच नावाने आम्ही साइटवर खातं उघडलं. जिंकली की मी कुणा गिऱ्हाइकासाठी म्हणून गाडी ओढून नेणार होतो.

रविवारी दुपारी चारला लिलाव संपायचा होता. मी सकाळीच जाऊन फोटोंसाठी टायरमध्ये हवा भरली होती, आणि मग तिथेच थांबलो. बाहेरच्या खोलीत दाजी सोफ्यावर, मांडीवर वही आणि हातात दोन फोन. दुसरा फोन आईच्या नावाने उघडलेल्या खात्याचा. ताईच्या सासूबाई ऐंशीच्या पुढच्या, आतल्या खोलीत पडून असतात, टीव्हीचा रिमोट कानाला लावतात. त्या बाई स्पोर्ट्स कारवर बोली लावत होत्या. ज्या गोष्टीसाठी याने साऱ्या जगाला चोर ठरवलं, तीच हा माझ्यासमोर तोंड वर करून करत होता. वर मला शिकवतो, बाजार तापवावा लागतो म्हणून.

स्वयंपाकघरात ताई होती, चहाच्या डब्याआड फोन ठेवून. दोन खोल्यांच्या मध्ये एक पडदा. लिलावात खरं गिऱ्हाईक एकच होतं, ती. तिने आकडा टाकला की इकडे आईच्या नावाने वरचा पडायचा आणि दाजी खुदकन हसायचा. गळाला लागलंय येडं, असं त्याने मला दोनदा सांगितलं. मी पाणी प्यायच्या निमित्ताने आत गेलो आणि ताईला म्हटलं, थांब, हाच चढवतोय. तिला ते कळलं होतं, हसणं पडद्यातून ऐकू येत होतं. पण विकायची असेल तर कधीतरी थांबेलच ना, असा तिचा हिशेब. हिशेब बरोबर होता. माणूस चुकीचा होता.

चारला तीन मिनिटं असताना ताईने होते तेवढे सगळे टाकले. आणि दाजी खरंच थांबला. आईचा फोन त्याने उशीवर ठेवला. आता नुसतं बसून राहायचं होतं. दीडशहाण्याला तेवढं कुठलं जमायला? त्याने वही उघडली.

"नवीन खातं आहे," तो म्हणाला. "आधीची एक खरेदी नाही. दरवेळी अर्ध्या मिनिटात उत्तर. गाडीबद्दल एक प्रश्न नाही विचारला. खरं गिऱ्हाईक असं वागतं होय?"

"राहू द्या ना दाजी. पैसे आले म्हणजे झालं."

शेवटची ओळ वाचता न येणाऱ्या पेशंटकडे बघावं तसं त्याने माझ्याकडे बघितलं. बोली लावणारा संशयास्पद वाटला तर गाडीच्या मालकाला त्याच्या सगळ्या बोल्या रद्द करता येतात. साइटवर त्यासाठी बटण असतं. मी पुढे काही बोलायच्या आत त्याने ते दाबलं आणि मग वहीत लाल पेनाने शब्द लिहिला. चार वाजले. यादीत एकच नाव उरलं होतं. साइटने त्याच्या आईचं अभिनंदन केलं, गाडी तिला मिळाली होती, आणि साइटचं कमिशन तेवढं आठ दिवसांत भरायचं होतं.

पडदा सारून ताई बाहेर आली. तिने आपला फोन त्याच्या उघड्या वहीवर ठेवला. त्याने तो वाचला, खाली-वर करून पुन्हा वाचला. मला वाटलं, आता तरी हा माणूस मान खाली घालेल. त्याने चष्मा नाकावर वर सरकवला आणि विचारलं, "तुझ्याकडे एवढे पैसे आले कुठून?"

त्या माणसाला मी मनातल्या मनात पुष्कळ शिव्या दिल्या आहेत. त्या क्षणी मला एकही पुरेशी वाटली नाही.

"शिवून," ताई म्हणाली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "चल, हँडब्रेक काढ."

मी स्टिअरिंगशी, ती मागे. शेडच्या तोंडाशी थोडा उतार आहे, गाडी एकदा हलल्यावर आपोआप निघाली. दाजी अनवाणी फाटकापर्यंत धावत आला. उन्हाने रंग उडेल, कुणी चोरून नेईल, असं काय काय ओरडत होता. ताईने त्याच्याकडे बघितलंही नाही. रस्त्याच्या कडेला, कचऱ्याच्या डब्याजवळ मी गाडी उभी केली. मग आम्ही दोघांनी व्हरांड्यातली तीन मशीन आत नेली आणि माळ्यावरचं टेबल उतरवून जोडलं.

टेबलाचा शेवटचा स्क्रू मी पिळत होतो तेव्हा ताई दारात उभी राहून रस्त्याकडे बघत होती.

"दहा मिनिटं लागली रे," ती म्हणाली.

मी मान वर केली नाही. गाड्या ढकलणं हे माझं रोजचं काम आहे, आणि दोन वर्षं मीही त्या गाडीसाठी गिऱ्हाईकच शोधत होतो.