बगलवाल्या कारखान्याचं काय झालं?

परदेशी माणूस झाशीत कारखाना काढतो म्हटल्यावर कागद जमतात तसे किस्सेही जमतात. कागदांना निदान फाइल असते. किस्से आम्ही वर्षभर चहाबरोबर वाटत राहिलो, तरी संपेनात!

आमचे रूबेनसाहेब हॉलंडचे. झाशीला लागूनच्या बिजौलीत शेंगदाणे भाजायचे, पॅक करायचे आणि युरोपात पाठवायचे असा त्यांचा बेत. हेड ऑफिसने मुदत दिली एक वर्षाची. जमलं तर चालू, नाही तर कुलूप! साहेबांचं इंग्रजी आणि बाकीच्यांची हिंदी, यांच्यामध्ये मी. त्यांची मॅनेजर व्हायला मी कॉलेजातली पक्की नोकरी सोडली. बाबांना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "अनू, तुझी मर्जी." पुढे वर्षभर त्यांनी कारखान्याचं नावसुद्धा काढलं नाही. मला त्याचीच जास्त धास्ती वाटायची.

*

जागा बघायला गेलो तेव्हा साहेबांच्या हातात यादी होती.

"पाणी आहे?"

"भरपूर, सर!" दलाल म्हणाला.

"वीज?"

"चौबीस घंटे!"

साहेब टिक करत गेले आणि सही झाली. मे महिन्यात बोअरिंग आटलं. साहेबांनी दलालाला बोलावून घेतलं. तो बिचारा खरोखरच दुखावला. "सर, आपने पानी का पूछा था। गर्मी का कहाँ पूछा?"

साहेबांनी यादी काढून पाहिली. खरंच विचारलं नव्हतं! त्यांनी तिथल्या तिथे यादीत एक ओळ वाढवली. मी टँकरवाल्याला फोन लावला.

*

पाण्यापायी असे पोळल्यावर साहेबांनी कारखान्यातल्या प्रत्येकाला एकेक कोरा कागद दिला. आपल्या कारखान्यात काय काय बिघडू शकतं, ते मोकळेपणी लिहा.

आमचे फोरमन रामस्वरूपजी, तीस वर्षं बिजौलीतल्या कारखान्यांत काढलेली. त्यांनी लिहिलं, "सब ठीक है।" इलेक्ट्रिशियनने लिहिलं, "सब बढ़िया है।" एकाने तर वर नुसतं 'शुभ लाभ' लिहून कागद परत केला!

रामस्वरूपजी मला बाजूला घेऊन म्हणाले, "दीदी, काम अभी शुरू नहीं हुआ और साहब बर्बादी की लिस्ट बनवा रहे हैं!"

साहेब वैतागले. त्यांना समजवायला मी कोणत्या तोंडाने जाणार? आमच्या घरीही नव्या कामाआधी वाईट बोललेलं चालत नाही. मी स्वतःही कागद कोराच दिला होता.

*

मग एके दिवशी गेटबाहेर चहा पिताना साहेबांनी सहज शेजारी बोट दाखवलं. तिथे नमकीनचा एक कारखाना बंद पडलेला होता.

"याचं काय झालं?"

"अरे, वो!" रामस्वरूपजींनी कप खालीच ठेवला. "बिना स्टेबलाइज़र के मशीन चला दी, फुँक गई! बोरियाँ सीधे फ़र्श पर रख दीं, पहली बारिश में सीलन चढ़ गई! और देवउठनी के बाद शादियाँ शुरू हुईं, तो आधे लोग बारात में!"

मी भाषांतर करत होते आणि साहेबांचा चहा निवत होता. आमच्या ऑर्डरमध्ये स्टेबलायझर नव्हता. पोती आम्हीही फरशीवरच ठेवणार होतो, ओल चढायला. आणि देवउठनी म्हणजे आपली कार्तिकी एकादशी; त्या नोव्हेंबरात, ऐन हंगामात, एकाही माणसाची सुट्टी धरलेली नव्हती!

"रामस्वरूपजी, हे सगळं कागदावर का नाही लिहिलंत?" मी हिंदीतून विचारलं.

"दीदी, वो तो बगल वालों की बात थी!"

त्या दिवसापासून आमच्या मीटिंगचा पहिला विषय ठरला, बगलवाला. बोलायला इतकी गर्दी व्हायची की खुर्च्या पुरत नसत.

*

हंगामात शेंगदाणे घ्यायला मोठ नावाच्या गावच्या मंडीत गेलो, तोवर साहेब तयार झाले होते. माल कसा आहे, हे त्यांनी विचारलंच नाही. चहा मागवला आणि व्यापाऱ्याला म्हणाले, "बाकीच्या कंपन्यांना लोक कसं फसवतात हो?"

व्यापारी खूश! "ऊपर सूखी, नीचे गीली! बोरी में हाथ कौन डालता है?"

साहेब उठले, बाही सरकवली आणि समोरच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घातला.

"आपको थोड़े ही देंगे, सर!" असं म्हणत व्यापाऱ्याने घाईघाईने दुसरी थप्पी उघडायला लावली.

*

वर्ष संपता संपता हेड ऑफिसचे मोठे साहेब आले. आठवडाभर मला जेवण गोड लागलं नव्हतं. एकतीस माणसांची रोजीरोटी होती, आणि या वयात मला दुसरी पक्की नोकरी कोण देणार होतं?

त्यांनी सगळा कारखाना पाहिला आणि रामस्वरूपजींना विचारलं, "काही अडचणी?"

"सब बढ़िया, सर!"

मोठ्या साहेबांच्या कपाळाला आठी पडली. रूबेनसाहेब मात्र शांतपणे म्हणाले, "त्यांना बगलवाल्या कारखान्याचं काय झालं, ते सांगा."

रामस्वरूपजी जे सुटले! ते एकेक चूक सांगत होते, आणि मी आमच्या कारखान्यातल्या त्यावरच्या उपायाकडे बोट दाखवत होते. हा भिंतीवरचा स्टेबलायझर. ही लाकडी फळ्यांवरची पोती. हा लग्नाच्या सुट्ट्यांचा तक्ता.

मोठ्या साहेबांनी तिथेच सांगितलं, कारखाना चालू राहील. मला रडूच फुटलं. "दीदी, शुभ घड़ी में रोते नहीं," असं म्हणत रामस्वरूपजी स्वतःच डोळे पुसत होते.

दुपारी दोघा साहेबांना चहाला झाशी शहरात, खंडेराव गेटजवळच्या आमच्या घरी नेलं. बाबांनी स्वतः दार उघडलं. कारखान्यातल्याच दाण्यांचे लाडू पुढे ठेवून म्हणाले, "लीजिए, हमारी अनू के कारखाने के हैं।" वर्षभरात पहिल्यांदा! छातीवरचा धोंडा उतरला माझ्या.

मग बाबांनी रीतीप्रमाणे चौकशी केली. "आपके हेड ऑफिस में सब कुशल-मंगल?"

मी इंग्रजीत सांगितलं.

"सगळं उत्तम!" मोठे साहेब म्हणाले. मग त्यांनी लाडू बशीत ठेवला, खुर्ची पुढे ओढली आणि आवाज खाली आणला. "पण आमच्या शेजारच्या कंपनीत ना..."

रूबेनसाहेबांनी हळूच खिशातून पेन काढलं.